आकार ठरवणारा कोण?
(युवक शिबिरातील भाषण)



यंत्र म्हटलं की आपल्यातले काही जण तोंड फिरवतात. तसं करू नका. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची चिरफाड करताना यंत्राची बाजू घेतली. ढोरमेहनतीतून माणसाला यंत्रच सोडवील, दोष समाजरचनेचा आहे, हे ठणकावून सांगितलं.

म्हणून आज रोबोंच्या झुंडीबद्दल बोलतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मायकेल रुबेनस्टाईन, राधिका नागपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १,०२४ रोबो एकत्र चालवले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ते जगापुढे आलं. नाव किलोबॉट. एकेक जेमतेम तीन सेंटिमीटरचा. काड्यांसारखे तीन पाय, थरथरणाऱ्या दोन मोटारी. चाक नाही, कॅमेरा नाही. बोलणं फक्त शेजाऱ्याशी, डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशातून. चार रोबो खूण म्हणून थांबतात. बाकीचे कडेकडेनं सरकत, शेजाऱ्यांपासूनचं अंतर मोजत आपापली जागा धरतात. चांदणी पुरी व्हायला सुमारे बारा तास. एखादा रेंगाळतो, वाट तुंबते, तरी काम थांबत नाही. पुढारी नाही, मुकादम नाही.

ऐकून छाती फुगते ना? पण थांबा. ती चांदणी ठरवली कुणी? झुंडीनं नाही. आकार आणि हुकूम बाहेरून आला, सगळ्यांना सारखा. मुकादम गेलेला नाही. तो टेबलाबाहेर उभा आहे.

आता छोटे रोबो जमिनीखाली निघालेत. ब्रिटनमध्ये शेफील्ड विद्यापीठाच्या पुढाकारानं २०१९ साली पाइपबॉट्स प्रकल्प सुरू झाला. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांत फिरून बिघाड शोधणारे रोबो घडवायचे, हे त्याचं काम. आणि आपल्याकडे? २०१३ चा कायदा हातानं मैला उपसायला बंदी घालतो. किलोबॉट आले त्याच २०१४ साली, २७ मार्चला, सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितलं. २०२३ मध्ये त्याचे तीस लाख केले. कायदा आहे, भरपाई आहे, यंत्र आहे. तरी माणूस उतरवला जातो. का? कारण तो स्वस्त आहे आणि त्याची जात ठरलेली आहे. हा आकारही बाहेरूनच आलाय, हजारो वर्षांपूर्वी.

मोर्चे काढूच. पण पोरापोरींनो, सर्किट जोडायला शिका, प्रोग्राम लिहायला शिका. उद्या नळात रोबो उतरेल तेव्हा आज गटारात उतरणाऱ्याच्या हातात त्याची कळ हवी आणि पगार पक्का हवा. नाहीतर यंत्र येईल आणि आपला माणूस गटारातून थेट फुटपाथवर फेकला जाईल.

शेजाऱ्याचा हात धरून सरकायला आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आकार आता आपण ठरवायचा.

जय भीम!