विकलेल्या खेळातील खाडाखोड



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'व्हिडिओ गेममधील काटछाट' असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आमचे बरेचसे श्रोते साठीच्या पुढचे आहेत." मी म्हटले, मीही त्यांतलाच आहे. हा विषय मला नातवाने लावून दिला. तो मोबाइलवर युद्धाचा खेळ खेळत होता. गोळी लागली की माणसाच्या अंगातून हिरवा रंग उडे. मी विचारले, "अरे, रक्त हिरवे कसे?" तो मान वर न करता म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे तसंच असतं."

चौकशी केली तेव्हा कळले की, मूळ खेळावर आपल्या सरकारने २०२० च्या सप्टेंबरात बंदी घातली होती, आणि २०२१ च्या जुलैत खास भारतासाठी जी आवृत्ती आली तिच्यात तांबड्या रक्ताची जागा हिरव्या रंगाने घेतली. यात मला फारसे वावगे दिसत नाही. निराळी आवृत्ती निराळ्या नावाने आली. ज्याला घ्यायची त्याने घेतली. मला आज बोलावयाचे आहे ते याहून वेगळ्या गोष्टीविषयी. खेळ विकून झाला, गिऱ्हाइकाने पैसे मोजले, तो त्याच्या घरी पोचला, त्याने तो वर्षानुवर्षे खेळलाही. आणि मग एके दिवशी निर्मात्याने दुरूनच हात घालून त्यातले एखादे चित्र, एखादे वाक्य काढून घेतले. अशा खाडाखोडीविषयी.

पूर्वी हे शक्य नव्हते. २००२ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी' नावाचा एक अमेरिकन खेळ निघाला. त्यातल्या टोळीयुद्धात हैती देशाच्या लोकांना ठार मारण्याची भाषा होती. अमेरिकेत राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी साहजिकच आवाज उठवला, आणि २००३ च्या डिसेंबरात कंपनीने यापुढच्या प्रतींतून ते शब्द काढण्याचे कबूल केले. यापुढच्या, हा शब्द कृपा करून ध्यानात ठेवा. ज्या तबकड्या लोकांच्या घरी होत्या त्या तशाच राहिल्या. आज कोणा अभ्यासकाला पाहावयाचे झाले की मूळ वाक्य काय होते, लोकांचा राग रास्त होता की नाही, तर जुनी तबकडी मिळवून पाहता येते.

आता तबकडी गेली. खेळ तारेवरून येतो आणि त्याचे धागे कायम दुकानाशी बांधलेले राहतात. निर्माता दुरुस्तीचा तुकडा पाठवतो. त्याला 'पॅच' म्हणतात, आपल्या भाषेत ठिगळ. बहुधा हे ठिगळ आपोआप बसते आणि ते बसल्यावाचून खेळ सुरू होत नाही. ठिगळे मुळात चुका दुरुस्त करण्यासाठी आली आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. पण ज्या वाटेने दुरुस्ती येते त्याच वाटेने कात्रीही येते. शिवाय जे आपण विकत घेतले असे समजतो ते बहुतेक वेळा विकत घेतलेले नसतेच. मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानदारांनी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे असा कायदा अमलात आला. कायदा करावा लागला, यावरूनच आधी किती जणांना हे ठाऊक होते ते समजावे.

२०२३ च्या जून महिन्यात 'स्कलगर्ल्स' या खेळाच्या बाबतीत जे घडले ते मला या सगळ्या प्रकाराचा कळस वाटते. हाताने रेखाटलेल्या चित्रांचा हा खेळ २०१२ चा. अकरा वर्षांनी त्याच्या चालकांनी ठरवले की काही चित्रे आता योग्य वाटत नाहीत. खलपक्षाच्या शिपायांच्या दंडावरील तांबड्या पट्ट्या काढल्या, कारण त्यांवरून खऱ्या जगातल्या द्वेषमूलक संघटनांची आठवण होई. एका अल्पवयीन मुलीची काही चित्रे बदलली. बदल त्यांनी उघडपणे जाहीर केले, हे त्यांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. आणि त्या मुलीच्या चित्रांबाबत त्यांचे म्हणणे मला पटतेही. परंतु ते तेथे थांबले नाहीत. या खेळाच्या कच्च्या रेखाटनांचा, जडणघडणीचा एक चित्रसंग्रह वेगळा विकलेला होता. त्याच्यातलीही चित्रे गाळली गेली. खेळ बदलणे समजू शकते. तो जिवंत आहे, रोज नवी मुले तो खेळतात. पण संग्रह म्हणजे दप्तर. तो खेळ कसा घडला याचा तो पुरावा. दप्तरातली पाने फाडणे ही निराळी गोष्ट आहे.

तुम्ही म्हणाल, मग काहीच बदलू नये काय? तसे माझे म्हणणे नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात 'कॉल ऑफ ड्यूटी: व्हॅनगार्ड' या युद्धाच्या खेळात जमिनीवर कुराणाची पाने विखुरलेली दिसली. मुसलमान खेळाडूंनी हरकत घेतली. कंपनीने माफी मागून पाने काढली. त्या पानांवाचून खेळाचे काहीच अडत नव्हते. चूक झाली, कबूल केली, निस्तरली. आपल्या घरातही आपण हेच करतो.

पण त्याच वर्षीची दुसरी गोष्ट पाहा. ब्लिझर्ड या कंपनीवर कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने जुलैत खटला भरला. तेथे काम करणाऱ्या स्त्रियांचा छळ होतो, त्यांना पगारात डावलले जाते, असे आरोप होते. त्यानंतर थोड्याच महिन्यांत कंपनीच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या जुन्या खेळातले काही चावट संवाद गेले, आणि भिंतीवरच्या एका स्त्रीच्या चित्राच्या जागी फळांची परडी आली. खटला पुढे २०२३ च्या डिसेंबरात सुमारे साडेपाच कोटी डॉलर देऊन मिटला. चित्र बदलणाऱ्यांचा हेतू चांगलाही असेल. मी त्यांच्या मनात शिरू शकत नाही. मात्र कचेरीतल्या बाईच्या पगाराचा प्रश्न होता आणि भिंतीवर आंबे-द्राक्षे टांगली गेली, असे पाहणाऱ्याला वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही. (आंबे होते की सफरचंदे, हे मी निरखून पाहिलेले नाही.)

कधी कात्री चालते ती दुसऱ्याच देशाच्या कायद्यासाठी. 'रेनबो सिक्स सीज' हा खेळ आशियात नेताना सोयीचे जावे म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरात युबिसॉफ्ट कंपनीने कवट्यांच्या खुणा, जुगाराची यंत्रे, भिंतींवरचे रक्त हे सगळ्या जगासाठीच काढायचे ठरवले. दोन आवृत्त्या सांभाळण्यापेक्षा एक बरी, हा व्यापारी हिशेब. खेळाडूंनी असा गिल्ला केला की त्याच महिन्यात बेत मागे घ्यावा लागला.

आपल्याकडे या बाबतीत एक जुना दाखला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. प्रती मिळवल्या, पाठ ताडून पाहिले, अपपाठ गाळले. म्हणजे बदल केलाच. पण ग्रंथाच्या शेवटी आपण हे केले असे शकासह लिहून ठेवले, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये असेही बजावले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जुन्या पोथ्या कोणी घरोघर जाऊन ओढून आणल्या नाहीत. म्हणूनच तर इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथांच्या आधीची म्हणून एक पोथी मिळाली आणि १९०९ साली ती छापता आली. ती खरोखर तितकी जुनी की नाही यावर विद्वान वाद घालीत राहिले. वाद घालता आला, कारण पोथी हातात होती.

ज्ञानेश्वरी कोठे आणि मारामारीचे खेळ कोठे, असे कोणी मनात म्हणत असेल. बरोबर आहे. पण आपल्या नातवंडांच्या पिढीचे बालपण त्या खेळांत गेलेले आहे. उद्या त्यांना आपल्या लहानपणी आपण काय पाहिले, कशावर हसलो, कोणाला शत्रू समजलो, हे तपासावेसे वाटेल. चित्रपटांत असे एक उदाहरण होऊनही गेले. स्पीलबर्ग यांनी २००२ साली आपल्याच 'ई.टी.' या चित्रपटात पोलिसांच्या हातच्या बंदुका पुसून तेथे बोलण्याची यंत्रे रंगवली. पुढे त्यांनाच ते चुकले असे वाटले, आणि त्यांनी तसे उघड सांगितले. मूळ चित्रपट जपलेला होता म्हणून तो परत आणता आला.

खेळांचे मूळ कोण जपणार? आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना धाडावयाची असते. त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. १९५६ साली त्यात वर्तमानपत्रे घातली गेली. पुण्यात आणि बंगळूरला आज तरुण मुले खेळ तयार करून जगभर विकतात. त्यांच्या कामाची पहिली प्रत ठेवायला त्या यादीत जागा नाही. ती जागा करावी, आणि मागाहून जे बदलेल त्याची तारीखवार नोंद निर्मात्याने खेळाबरोबरच द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. सभागृहात वकील मंडळी बसलेली दिसतात. १९५४ च्या कायद्यातील 'पुस्तक' या शब्दाच्या व्याख्येत खेळ बसवता येईल काय, हे त्यांच्यापैकी कोणी व्याख्यानानंतर मला सांगितले तर मी त्यांचा आभारी होईन.