मनोरा आणि बाहू
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी दिलेले भाषण)



या महोत्सवाची खूण म्हणून आपल्या मंदिराचा मनोरा उंच करावा, अशी सूचना पुढे आली असून मीही तिला मान डोलाविली होती. त्या संदर्भात आज एका शिल्पकाराची हकीकत आपणांपुढे ठेवतो.

जान लोरेन्झो बर्निनी हा १५९८ साली नेपल्स येथे जन्मला. पिता शिल्पकार असल्यामुळे छिन्नी बालपणीच त्याच्या हाती आली. संगमरवर स्वभावतः कठीण व निश्चल. परंतु त्याने त्यास गती दिली. त्याने १६२३-२४ मध्ये घडविलेला दावीद पाहा. कंबरेत वळलेला, ओठ घट्ट मिटलेला, गोफण आता सुटणार! गल्याथ मात्र कोठेच कोरलेला नाही. तो आपल्याच पाठीशी उभा असावा असे वाटून पाहणारा दचकतो. मूर्तीभोवतीची मोकळी जागाही अशा रीतीने शिल्पात सामील होते.

संत पेत्राच्या महामंदिरातील संत लाँगिनसची मूर्ती त्याने चार शिळा जोडून केली. एकाच शिळेतून मूर्ती काढण्यात पूर्वीचे कलावंत भूषण मानीत. त्याने तो अभिमान सोडला, म्हणूनच त्या संताचे बाहू इतके दूरवर पसरू शकले.

पुढे त्याच महामंदिराच्या दर्शनी भागावर घंटेचा मनोरा बांधण्याचे काम त्याजकडे आले. खालचा पाया तो भार सोसण्याजोगा नव्हता. भिंतीस तडे गेले आणि १६४६ साली मनोरा उतरवावा लागला. केवढी ही मानहानी! परंतु त्याने छिन्नी खाली ठेविली नाही. १६४७ ते १६५२ या काळात त्याने संत तेरेजाची मूर्ती घडविली व वर एक गुप्त खिडकी ठेवून सूर्यप्रकाशासही संगमरवराच्या जोडीस कामाला लाविले.

नंतर पोप सातवे अलेक्झांडर यांनी महामंदिरापुढील चौक त्याजकडे सोपविला. १६५६ ते १६६७ या काळात तेथे २८४ स्तंभांच्या, चार रांगांच्या दोन वक्र ओवऱ्या उभ्या राहिल्या. मंदिराच्या मानाने त्याने त्या ठेंगण्या ठेविल्या आणि मध्यभाग मोकळा राखिला. त्या ओवऱ्यांची तुलना त्याने ख्रिस्तसभामातेच्या बाहूंशी केली. त्या आलिंगनात परधर्मीयांसही स्थान होते. ज्याचा मनोरा उतरला, त्याचे हे बाहू आज साडेतीनशेहून अधिक वर्षे उभे आहेत.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी भिंती बांधल्या. मधली जागा भरण्याचे काम आपणांकडे आहे. पावसाळ्यात मिस्साच्या वेळी कित्येक वृद्ध व लेकुरवाळ्या माता दाराबाहेर भिजत उभ्या असतात, हे मी वेदीवरून पाहतो. म्हणून मनोऱ्यास दिलेली माझी संमती मी आज मागे घेतो, आणि त्याच पैशांतून मंदिराच्या दोन्ही अंगांस पडवी काढावी अशी आपणांस विनंती करतो. उंचीची हौस पुढच्या पिढीने भागवावी. आपण आधी बाहू पसरू या.