क्रोशाची सुई आणि दुखरे मनगट

(जामनेर येथे शिक्षिका व महिला मंडळाच्या सदस्यांसमोर केलेले भाषण)



मुलीच्या रुखवतासाठी क्रोशाची तोरणे, रुमाल आपण हौसेने विणता. मनगट दुखले की तेल चोळून पुन्हा सुई हाती घेता. त्यात दिवसा कापूसवेचणी केलेला हात! रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातील मज्जातंतू दबत असण्याचा संभव असतो. करंगळी सहसा वाचते, ही ओळखीची खूण. सुईची मूठ जाड करावी, दोरा सैल धरावा, मध्ये मध्ये हात थांबवावा. रात्री मनगट सरळ राहील असा आधारपट्टा बांधावा. रुखवत अपुरे राहिले म्हणून लग्न अडत नाही. मधुमेह व थायरॉईडची तपासणीही करावी. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसू लागल्यास मात्र रुग्णालय गाठण्यास विलंब नको. झिजलेला स्नायू पुन्हा भरेलच असे नाही.