उकिरड्यात कुजेल तेच टाका
(हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



फवारणी पंपाची बॅटरी निकामी झाली, ट्यूब गेली, की आपण ती उकिरड्यावर टाकतो. उन्हाळ्यात तोच उकिरडा उपसून खत शेतात जाते. शेण, काडीकचरा कुजतो. बॅटरीतले शिसे कुजत नाही. ते मातीत साठून राहते आणि आपली हळद तर मातीच्या पोटातच पोसते.

बऱ्याच पंपांत 12 व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती फोडू नये, आम्ल ओतू नये. शिशाची धूळ पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. बॅटरी उभी, कोरड्या जागी, मुलांपासून दूर ठेवावी व नवी घेताना दुकानदाराकडे द्यावी. जुने शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून तिला मोलही येते.

ट्यूब व सीएफएल दिव्यांत पारा असतो. दिवा फुटल्यास खिडक्या उघडून दहा मिनिटे बाहेर थांबावे. झाडू न वापरता तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलून झाकणाच्या बरणीत ठेवावेत. तांब्यासाठी वायर जाळू नये. तिच्या आवरणाचा धूर विषारी असतो.

बॅटरी व ई-कचरा यांच्या 2022 च्या नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु वस्तू वेगळी ठेवणे आपल्याच हाती आहे. घरात त्यासाठी एक खोके ठेवा. गावाने मिळून, ग्रामपंचायतीमार्फत, अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे एकदम पाठवल्यास वाहतुकीचा खर्चही वाटला जाईल.

येत्या उन्हाळ्यात खत भरण्यापूर्वी उकिरडा एकदा नीट पाहा.