घोड्यांच्या तबेल्यातून लशीच्या बाटलीपर्यंत

पायात खिळा घुसला की आपण धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला दवाखाना गाठतो. पोटुशी बाईला ते देतातच. लेकराला गोवराची लस टोचतात. आज आम्ही बोलणार आहोत ते अशी औषधं करणाऱ्या पुण्याबद्दल. एकदा नवं काढणं जमतं हो. पन्नास वर्षं काढत राहणं कसं जमतं, ते बघू.

हडपसरला पूनावाला कुटुंब शर्यतीच्या घोड्यांची पैदास करायचं. म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. तिथं घोड्याला विष थोडं थोडं, बेतानं टोचत. त्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होई. मग रक्तातलं वरचं पिवळसर पाणी वेगळं काढायचं, तेच औषध. घोडे आपले, तर औषध आपणच का करू नये, असं सायरस पूनावालांच्या मनात आलं आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. आधी धनुर्वाताचं औषध, मग त्रिगुणी लस, सर्पदंशावरचं औषध, गोवराची लस. एकदम उडी नाही. एका औषधात हात बसला की त्याच माणसांनी पुढचं धरलं. आफ्रिकेत मेंदूज्वरानं माणसं मरत होती, पण गरिबांच्या लशीत बड्या कंपन्यांना फायदा दिसेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीनं ती लस पुण्यात झाली, आणि डिसेंबर २०१० पासून तिकडे टोचली जाऊ लागली. एका डोसाची किंमत तेव्हाच्या हिशेबानं पंचवीस रुपयांच्या आत!

पण एकट्या कारखान्यानं भागत नाही. मार्च २०२० आठवा. करोना तपासायचे संच बाहेरून आणावे लागत होते. पुण्याच्या मायलॅब कंपनीत मिनल दाखवे-भोसले यांच्या गटानं सहा आठवड्यांत देशी संच तयार केला. बाईंना तेव्हा नववा महिना. १८ मार्चला संच पारखायला दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. सहा आठवडे ऐकून कौतुक वाटतं, पण कंपनी आधीपासून दुसऱ्या रोगांचे तपासणी संच करत होती, हे ध्यानात घ्या. आणि पारख करणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्याच शहरात, १९५२ पासून विषाणूंवर काम करत बसलेली. करोनाच्या आधी किती वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसेल! तरी सरकारनं ती चालू ठेवली होती.

आपल्या गटांना मात्र यंत्र मिळतं, फोटो निघतो, आणि पट्टा तुटला की ते कोपऱ्यात जातं. दुरुस्ती शिकवणारं जवळ कुणी नसतं. आम्हाला वाटतं, यंत्रासोबत तेही मागायला हवं. तुमच्या गटाचं कोणतं यंत्र बंद पडलंय आणि नेमकं कशापायी, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी दुरुस्ती जाणणाऱ्या एखाद्या ताईंना इथं बोलावू.