अर्ज, दाखले आणि आपले प्राध्यापक



आजचा विषय जरा कोरडा आहे. महाविद्यालयातील प्राध्यापकांना उत्कृष्ट अध्यापनाबद्दल पुरस्कार दिले जातात आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या अर्जाविषयी आम्ही बोलणार आहोत. आम्ही स्वतः प्राध्यापक नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करतो. परंतु अर्ज आणि दाखले यांतच आमचा दिवस जातो, म्हणून कार्यकारिणीने हा विषय आमच्या गळ्यात घातला असावा.

पेण-रोहा परिसराला मोठ्या पुरस्कारांचे नवल नाही. पेण तालुक्यातील गागोद्याचे विनोबा भावे यांना 1958 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रोह्याशी जवळचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख यांना 1959 साली, तर रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले यांना 1996 साली. या तिघांच्या सर्वच विचारांशी आपण सहमत आहोत असे नाही, पण तो आजचा विषय नव्हे. मॅगसेसेसाठी कोणालाही स्वतः अर्ज करता येत नाही. नावे दुसरे लोक सुचवतात आणि तीही गुप्त ठेवली जातात. देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. असा माणूस कोणाच्याही नजरेत भरतो. परंतु तालुक्याच्या गावी प्रथम वर्षाच्या वर्गाला मन लावून इतिहास शिकवणारा प्राध्यापक कोणाच्या नजरेत भरणार?

त्याच्यासाठी अर्ज आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 1958 साली सुरू झाला. 2018 पासून शाळेतील शिक्षकांना थेट स्वतः अर्ज करता येऊ लागला, आणि 2023 साली या पुरस्काराचे दार उच्च शिक्षणातील अध्यापकांनाही उघडले. त्या वर्षी एकूण 75 शिक्षकांचा गौरव झाला. त्यांत शाळांचे 50, उच्च शिक्षणातील 13 आणि कौशल्य विकास खात्याकडचे 12 होते. साऱ्या देशातून 13! दुसऱ्या वर्षी, 2024 साली, ते 16 झाले. म्हणजे अर्ज केला की पुरस्कार मिळालाच, असे समजण्याचे कारण नाही. पण ज्याचा अर्ज नाही आणि ज्याचे नावही कोणी सुचवलेले नाही, त्याचा विचार होणार तरी कसा?

आमच्या परिचयाचे एक प्राध्यापक आहेत. वाडीवरून पायी येणाऱ्या मुलांसाठी ते कॉलेज सुटल्यावर थांबतात, शिष्यवृत्तीचे अर्ज स्वतः भरून देतात. आम्ही त्यांना म्हटले, "सर, तुम्ही अर्ज करा." ते म्हणाले, "स्वतःची स्तुती स्वतः लिहायची? ते आपल्याला जमायचे नाही. सहकाऱ्यांना वाटले तर ते सुचवतील."

यावर आम्ही त्यांना बाबासाहेबांची आठवण दिली. 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली, तेव्हा बाबासाहेब कोणी बोलावण्याची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी त्या जागेसाठी प्रयत्न केला आणि मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांना शिफारशीसाठी पत्रही लिहिले. नोव्हेंबर 1918 ते मार्च 1920 त्यांनी तेथे शिकवले. इतर कॉलेजांतील विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसत. आणि त्याच कॉलेजात, अध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी प्यावे याला काही सहकारी प्राध्यापकांची हरकत होती. अशा सहकाऱ्यांनी नाव सुचवण्याची वाट पाहिली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको.

"आपले कॉलेज लहान" ही दुसरी सबब. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा 140हून अधिक देशांतून 12 हजारांवर अर्ज व नामांकने आली होती. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ जणांना वाटून दिली. वाडीवरची शाळा आड आली नाही.

आता प्रत्यक्ष अर्ज. येथे आमची कारकुनी थोडी उपयोगी पडेल. बँकेत व्हाउचर नसेल तर नोंद होत नाही, माणूस कितीही सज्जन असो. निवड समितीचेही तसेच. "अष्टपैलू", "विद्यार्थिप्रिय", "तळमळीने कार्य करणारे" ही विशेषणे सत्काराच्या मानपत्रात शोभतात, अर्जात त्यांची किंमत शून्य. "अनेक गरीब विद्यार्थ्यांना मदत केली" असे लिहू नये. किती विद्यार्थी, कोणत्या वर्षी, मदत कसली, त्यातले किती उत्तीर्ण झाले आणि आज ते कोठे आहेत, हे लिहावे. जादा तासांची हजेरी ठेवावी. निकाल आधी काय होता आणि नंतर काय झाला, ते कागदावर असावे. शिकवण्याखेरीज संशोधन, संस्थेसाठी केलेले काम आणि समाजात जाऊन केलेले काम हेही पाहिले जाते. आपल्या प्राध्यापकांनी आदिवासी वाड्यांवर किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षे केलेले काम याच सदरात येते, पण त्याचा एक कागद त्यांच्यापाशी नसतो. उलट काहींपाशी कागद आणि फोटो भरपूर असतात आणि वर्ग मात्र रिकामा. या पद्धतीतला हा दोष आम्हाला मान्य आहे. तो दोष दाखवून घरी बसल्याने आपल्या माणसाचे काम दिसू लागत नाही, एवढेच.

एक गोष्ट मात्र आम्हाला मनापासून खटकते. हा पुरस्कार नियमित सेवेतील अध्यापकांसाठी आहे. आपल्या समाजातील नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली किती मुले-मुली आज तासिका तत्त्वावर शिकवत आहेत! सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी. त्यांचा वर्ग उत्कृष्ट असला तरी त्यांना या अर्जात जागा नाही. त्यांच्यासाठी कोणी काय करावे?

16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे जाहीर सत्कार झाला. तेव्हा त्यांच्या मुलींच्या शाळा उभ्या राहून जेमतेम चार वर्षे झाली होती. तो सत्कार अर्जावरून झाला नव्हता; शाळा समोर चालू होत्या आणि काम दिसत होते. आपल्या संस्थेलाही तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या वर्गात, त्या त्या प्राचार्यांच्या परवानगीने, जाऊन बसता येईल. विद्यार्थ्यांशी बोलता येईल. दरवर्षी 3 जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीदिनी, अशा एका अध्यापकाचा सत्कार करावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे लेखी ठेवली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक काम सांगतो. ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुम्हाला शिकवून उभे केले, त्यांना एक पत्र लिहा. कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात, काय शिकवले आणि त्यामुळे तुमचे काय झाले, ते लिहा. खाली तारीख घाला, सही करा. माजी विद्यार्थ्याचे असे पत्र अर्जाला जोडता येते. टंकलेखनाची आणि कागद लावून देण्याची जबाबदारी आमची. येत्या दोन रविवारी सकाळी दहापासून आम्ही संस्थेच्या वाचनालयात बसणार आहोत. येताना मूळ कागद आणा आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.