आपल्या आवारातले अकरा माड

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना थोडं आटोपशीर केलं आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्नही दिले आहेत. – संपादक मंडळ)



सांस्कृतिक समितीनं मला 'बागकाम' एवढाच विषय दिला होता. तुळशीपासून सुरुवात केली तर मध्यरात्र होईल, आणि खाली जेवणाची पानं मांडायला सुरुवात झालेली मला इथून दिसते आहे. म्हणून एकच झाड घेतो. कोणतं, ते तुम्ही ओळखलंच असेल. पुढच्या महिन्यातल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे, 'आवारातील नारळाची झाडे काढून टाकण्याबाबत विचार करणे'. अकरा माड आहेत. ताबा मिळाला त्याच वर्षी पहिल्या सभासदांनी लावलेले, म्हणजे सोसायटीच्याच वयाचे.

तक्रारी तीन आहेत. वरून नारळ पडतात. नारळ लागत नाहीत. आणि झाडं रोगट दिसतात. पहिल्या दोन तक्रारी एकाच वेळी खऱ्या कशा, असं तळमजल्यावरच्या एका आजींनी मला विचारलं. दोन्ही खऱ्या आहेत. पडतात ती सुपारीएवढी, लिंबाएवढी, न धरलेली फळं, आणि वाळलेल्या झावळ्या. मोदकाला म्हणून नारळ हातात येत नाही तो नाहीच.

मी चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. झाड तोडायचं की ठेवायचं ते सभा ठरवेल. पण मत देण्याआधी माड नावाचा प्राणी आहे तरी कसा, हे माहीत असलेलं बरं.

माडाला आपण वृक्ष म्हणतो, पण गोतावळा बघितला तर तो गवत, बांबू, केळ यांच्या बाजूचा, म्हणजे एकदल. आंब्याचं, वडाचं खोड दरवर्षी जाडीनं वाढतं, कारण सालीच्या आत वाढणाऱ्या पेशींचा एक थर असतो. तो थर जखमही भरून काढतो. माडाच्या खोडात तो थरच नाही. पाच वर्षांचा असताना बुंधा जेवढा जाड झाला, जवळजवळ तेवढाच पन्नासाव्या वर्षी. आणि जखम कधी भरत नाही. ए विंगच्या मागच्या माडावर चढण्यासाठी कोयत्यानं पाडलेल्या खाचा बघा. किती जुन्या आहेत कुणास ठाऊक, पण आजही काल पाडल्यासारख्या उघड्या आहेत. दिवाळीच्या माळा टांगायला ठोकलेले खिळे, तसेच. माळा दोरीनं बांधा, एवढी विनंती आत्ताच करून ठेवतो.

दुसरी गोष्ट, माडाला फांद्या नाहीत. सगळी वाढ शेंड्याच्या गाभ्यातल्या एकाच कोंबातून. आंब्याची फांदी तोडली तर शेजारून दुसरी फुटते. माडाचा तो एक कोंब गेला की झाड संपलं. मग खाली कितीही खत घाला, पाणी घाला.

आता हिशेब सांगतो, तो नीट ऐका, कारण आपल्या नारळांची गोष्ट त्यातच आहे. चांगला वाढलेला उंच जातीचा माड साधारण महिन्याला एक झावळी काढतो, वर्षाला बारा ते चौदा. प्रत्येक झावळी अडीच-तीन वर्षं टिकते. म्हणजे निरोगी माडाच्या डोक्यावर कधीही बघा, तीस-पस्तीस झावळ्या हव्यात. आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय. एक झावळी, एक पोय, एक पेंड. पुढे ती पेंड जड झाली की तिच्या खालच्या झावळीच्या देठावर टेकून राहते.

आपल्या माडांच्या झावळ्या मी मागच्या आठवड्यात मोजल्या. 'साफसफाई' होऊन महिना झाला होता. आठ, नऊ, सात, अकरा. उलटा धरलेला खराटाच! ठेकेदाराच्या माणसांना दोष देऊ नका; झाड स्वच्छ दिसलं पाहिजे असं त्यांना सांगितलेलं असतं, आणि हिरव्या झावळ्या तोडल्या की झाड फार स्वच्छ दिसतं. पण झावळी म्हणजे माडाचं स्वयंपाकघर. चारातली तीन स्वयंपाकघरं बंद केल्यावर पंगत कुठून उठणार? वाळून तपकिरी झालेली, खाली लोंबणारी झावळीच काढायची. हिरवी काढायची नाही.

आज जी पोय उघडते आहे तिचा अंकुर झाडाच्या आत सुमारे ३२ महिन्यांपूर्वी धरलेला असतो. पोय उघडल्यावर नारळ पूर्ण पिकायला आणखी बारा महिने. म्हणजे तुम्ही आज देवापुढे फोडलेल्या नारळाची सुरुवात साडेतीन वर्षांपूर्वी झाली. म्हणून माडाला आज त्रास दिला तर तो आज तक्रार करत नाही, आणि आज खत घातलं तर या गणपतीला नारळ मिळत नाही. आवारात पेव्हर ब्लॉक बसले त्याला पाच वर्षं झाली. बुंध्याला अगदी चिकटून, वीतभरही माती न सोडता. फळ घटायला लागलं कधी? सगळेच सांगतात, तीन-चार वर्षांपूर्वी. तेव्हा कुणाच्या डोक्यात ब्लॉक आले नाहीत, कारण मध्ये वर्ष-दीड वर्ष गेलं होतं.

माडाला सोटमूळ नसतं. बुंध्यातून दोरीसारखी हजारो मुळं निघतात, तीही जाड होत नाहीत. म्हणून वडासारखी ती भिंत फोडतील, टाकी उचलतील ही भीती मनातून काढा. पण पाणी-अन्न घेणारी बहुतेक मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आतच असतात. नेमकी तेवढीच जागा आपण झाकून टाकली.

आता फुलांकडे येऊ. पोय फुटते तेव्हा आतून पिवळसर फुलोरा बाहेर येतो. त्यावर हजारोंनी नर फुलं असतात, तांदळाच्या दाण्यासारखी, आणि प्रत्येक काडीच्या बुडाशी एखाद-दुसरं गोल मादी फूल. सगळी मिळून वीस-तीस. उंच जातीत गंमत अशी की नर फुलं आधी उमलतात, अठरा-वीस दिवसांत गळून जातात, आणि त्यानंतर मादी फुलं तयार होतात. म्हणजे घरचा परागकण घरी लागत नाही. शेजारच्या माडाचा पराग वाऱ्यानं किंवा मधमाश्यांनी आणला तर फळ धरतं. आता बघा, गेल्या पावसाळ्यानंतर पाण्याच्या टाकीखालचं आग्या माशांचं पोळं जाळलं. माश्या चावण्याची भीती खरी आहे, लहान मुलं आहेत, ते पोळं तिथं नकोच होतं. पण रात्री येऊन माश्या न मारता पोळं हलवणारी माणसं मिळतात, तेवढं पुढच्या वेळी करू. आणि अकरातले दहा तोडून एक शोभेला ठेवू, असाही एक प्रस्ताव कानावर आला. त्या एकट्याला पराग कोण देणार?

धरलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक लहान फळं माड स्वतःहून गाळतो. झेपतील तेवढीच ठेवतो. ती गळ रोग नव्हे. पण पाण्याचा ताण, पालाशची कमतरता, झावळ्या कमी, असं सगळं एकत्र आलं की तो एकूण एक गाळतो. तेच आपल्याकडे चाललंय.

आता रोगटपणाचं. बी विंगसमोरच्या चार माडांच्या झावळ्या कुणीतरी कात्रीनं तिरप्या कापल्यासारख्या दिसतात, नाही का? पतंग कापायला मुलांनी काही केलं असेल, असं वॉचमनला वाटलं होतं. ते काम गेंडा भुंग्याचं. काळा, अंगठ्याएवढा, नाकावर शिंग. तो रात्री शेंड्याची न उघडलेली, मिटलेली झावळी पोखरतो. मिटलेल्या कागदाला एक भोक पाडून कागद उघडला तर कशी नक्षी दिसते, तसंच.

हा भुंगा येतो कुठून? माडावर तो जेवायला येतो; अंडी घालतो कुजणाऱ्या शेणात, पालापाचोळ्यात, कुजक्या लाकडात. आणि आपला ओल्या कचऱ्याचा खतखड्डा आहे बी विंगच्या मागे, त्या चार माडांपासून वीस पावलांवर, उघडा. मी माळ्याला घेऊन खोरं घातलं तर करंगळीपेक्षा जाड, वाकड्या पांढऱ्या अळ्या एका घमेल्यात सतरा निघाल्या. प्रत्येक पांढरी अळी गेंडा भुंग्याचीच असते असं नाही, पण यातल्या बऱ्याच त्याच होत्या. खतखड्डा बंद करा असं मी म्हणत नाही. तो आपल्या सोसायटीनं केलेल्या चांगल्या कामांपैकी एक आहे. त्याच्यावर बारीक जाळी हवी, दर पंधरा दिवसांनी तो वरखाली करायला हवा, म्हणजे कावळे अळ्या वेचतात. आणि मेटारायझियम नावाची एक बुरशी मिळते, ती खतात मिसळली की या अळ्यांना रोग होऊन त्या मरतात. माणसाला तिचा उपद्रव नाही.

गेंडा भुंगा सहसा झाड मारत नाही. मारतो त्याच्या मागून येणारा सोंड्या भुंगा, तांबूस, लांब सोंडेचा. त्याला ताज्या जखमेचा वास लागतो. गेंड्यानं पाडलेलं भोक, किंवा हिरवी झावळी बुंध्यालगत कापल्यावर ओला राहिलेला देठ, तिथं तो अंडी घालतो आणि अळ्या आतून खोड खातात. बाहेरून सगळं हिरवं. मग एक दिवस शेंडा कलतो. डी विंगच्या कोपऱ्यातला माड असाच गेला. लवकर ओळखायचं तर खोडावर भोक आणि त्यातून तपकिरी चिकट रस, चावलेल्या काथ्याचा भुसा, आणि खोडाला कान लावला तर आतून कुरतडल्याचा आवाज. हसू नका, खरंच कान लावायचा असतो.

पावसाळ्यात आणखी एकाकडे लक्ष ठेवा, शेंडा कुजण्याकडे. मधली कोवळी झावळी मलूल होते, ओढली तर हातात येते आणि घाण वास मारते. लवकर कळलं तर कुजका भाग खरवडून बोर्डो पेस्ट लावून झाड वाचतं. नारळावर देठाजवळ तपकिरी, भेगाळलेले चट्टे दिसतात ते कोळी कीडीचे. ही कीड भारतात १९९८ मध्ये केरळात प्रथम नोंदली गेली. फळ लहान राहतं, पण खोबरं खायला हरकत नाही.

तर माझं म्हणणं असं. डी विंगचा मेलेला माड काढलाच पाहिजे. मात्र १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊन, आणि खोड आवारात कुजत न ठेवता. उरलेल्या दहांपैकी मला एकही तोडण्यासारखा दिसत नाही. झोपाळ्यावर आलेला जो आहे, तिथं झोपाळा हलवावा. झोपाळ्याला मुळं नाहीत. ब्लॉक दोन मीटरपर्यंत काढले तर उत्तम, पण पार्किंगचं भांडण मी पंचवीस वर्षं ऐकतोय, म्हणून निदान एक मीटरचं आळं मोकळं करा. त्या आळ्यात सोडणं पुरायची, पोकळ बाजू वर करून. ती पाणी धरतात आणि पालाश देतात. खताबद्दल कासरगोडच्या केंद्रीय संस्थेची शिफारस मोठ्या माडाला वर्षाला नत्र ५०० ग्रॅम, स्फुरद ३२० आणि पालाश १२०० ग्रॅम अशी आहे. पालाश नत्राच्या दुपटीहून जास्त, हे लक्षात ठेवा; नुसता युरिया टाकून भागत नाही. उन्हाळ्यात चार दिवसांनी दोनशे लिटर पाणी. टँकरच्या दिवसांत हे कुठून आणायचं? पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून घरोघरी जे वाया जातं ते साठवा. थोडा खारटपणा माडाला सोसतो.

आणि दर दीड-दोन महिन्यांनी पाडेली बोलवायचा, वर्षातून दोनदा नव्हे. तो तयार पेंडी उतरवेल, वाळक्या झावळ्या काढेल, शेंड्याच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरेल, आकडीनं भुंगा ओढून काढेल. नारळ पिकून आपोआप पडायची वेळच येऊ द्यायची नाही, गाड्यांचा प्रश्न तिथं सुटतो. हा सगळा खर्च आणि अकरा झाडं तोडायचं मिळालेलं कोटेशन, दोन्ही शेजारी ठेवून सभेनं बघावं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : बुडात मीठ घालायची कोकणातली पद्धत खरी की अंधश्रद्धा?
उत्तर : तिच्यात तथ्य आहे. माडाला क्लोरीन लागतं, ते मिठातून मिळतं. पण पालाशसाठी आपण जे म्युरेट ऑफ पोटॅश घालतो त्यातही ते असतं. दोन्ही घालायची गरज नाही.

प्रश्न : खोडाला भोक पाडून औषध भरणारे लोक येतात. भरून घ्यावं का?
उत्तर : भोक बुजणार नाही, हे आत्ताच सांगितलं. आणि त्याच झाडाची शहाळी आपली नातवंडं पिणार. मी तरी भरून घेणार नाही.

प्रश्न : मेलेल्या माडाच्या जागी याच झाडांचा नारळ रुजवला तर?
उत्तर : रुजेल, पण आईसारखाच होईल याची खात्री नाही, कारण बाप कोण ते माहीत नाही. माडाचं कलम होत नाही, फांदीही लावता येत नाही. उंच आणि ठेंगू जातींचा संकर जगात पहिल्यांदा आपल्याकडेच, केरळातल्या निलेश्वरला, जे. एस. पटेल यांनी १९३० च्या दशकात केला. तशी संकरित रोपं किंवा 'प्रताप', 'बाणवली' यांसारख्या जाती रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नारळ संशोधन केंद्राकडे आहेत. जूनच्या आधी चौकशी करा. खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल, आणि खतखड्ड्यापासून लांब.